डिजिटल बदलाच्या वेगात भारत इतर देशांच्या पुढे आहे की मागे?

पैशात पुढे, कागदात मागे. तुमच्या प्रश्नात वेग एकच धरलाय, पण मला रोज दोन दिसतात. कोल्हापूरजवळच्या गावात माझं सेवा केंद्र आहे. दाखले, सातबारा, केवायसी हेच दिवसभराचं काम.

पैशात आपली सुरुवात काही लवकरची नव्हे. केनियात एम-पेसा ही मोबाईलवरून पैसे पाठवायची सेवा 2007 सालीच साध्या बटणाच्या फोनवर चालू झाली, आपलं यूपीआय आलं 2016 मध्ये. तरी ऑगस्ट 2023 मध्ये यूपीआयने महिन्याला 1000 कोटी व्यवहार गाठले आणि दोनच वर्षांत 2000 कोटी ओलांडले. बँक कुठलीही असो, अ‍ॅप कुठलंही असो, क्यूआर एकच चालतो. चीनमध्ये अलीपे आणि वीचॅट पे यांचे क्यूआर कितीतरी वर्षं वेगवेगळे होते. आपल्याला खरी टक्कर ब्राझीलची आहे. तिथल्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर 2020 मध्ये यूपीआयसारखंच पिक्स आणलं, मोठ्या बँकांना त्यात येणं सक्तीचं केलं, आणि बघता बघता ते घरोघरी पोचलं.

आता कागद. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या ई-गव्हर्नमेंट पाहणीत डेन्मार्क पहिला, एस्टोनिया दुसरा आणि भारत 97 वा आहे. यावर लगेच कोणीतरी म्हणतं, एस्टोनिया केवढासा, आपल्या एका जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी माणसं. खरं आहे, पण मग आपल्या वारणेचं काय? 1998 साली वारणानगर परिसरातल्या 70 गावांत संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू झाला. एस्टोनियाने सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकांना जोडणारी एक्स-रोड यंत्रणा आणली ती 2001 मध्ये! वारणेत बेत शेतीच्या माहितीपासून सरकारी कामांपर्यंत सगळ्याचा होता, पण वापर टिकला तो उसापुरता: नोंद, वजन, बिल. पुढे तेवढ्यासाठी संगणकाऐवजी मोबाईलवरच्या एसएमएसचा प्रयोगही झाला. ऊसच का टिकला? मला वाटतं, कारण नोंदही कारखान्याची, वजनही कारखान्याचं आणि बिलही कारखान्याचंच. दुसऱ्या कुणाकडे कागद मागायला जावं लागत नव्हतं.

सरकारी कामाचं घोडं नेमकं इथे अडतं. डिजिटल सहीचा सातबारा 2018 पासून घरबसल्या निघतो, पंधरा रुपयांत. ही साधी गोष्ट नाही, पूर्वी त्यासाठी तलाठ्याची वाट बघत बसावं लागायचं. पण तोच उतारा मी छापून देतो आणि शेतकरी तो घेऊन त्याच सरकारच्या दुसऱ्या कार्यालयात जातो. तिथला माणूस तो फाईलला लावतो. नॉन-क्रिमिलेअरला जातीचा दाखलाही लागतो आणि उत्पन्नाचाही, दोन्ही सरकारनेच दिलेले. एस्टोनियाच्या कायद्यात तर एका सरकारी डेटाबेसमध्ये असलेली माहिती पुन्हा गोळा करायला दुसरा डेटाबेस उभारायलाच मनाई आहे.

आणि अंगठा. उभा जन्म खुरपं आणि कोयता धरलेल्या बायाबापड्यांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. आधारच्या मशीनवर अंगठा उठत नाही, मग पुसून पुन्हा, पुन्हा. ओटीपीचा पर्याय असतो, पण नंबर मुलाचा आणि मुलगा पुण्यात. क्रमवारीच्या आकड्यात हा माणूस दिसत नाही, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते. अशा प्रत्येक सेवेत अंगठ्याशिवायची वाट काउंटरवरच मिळायला हवी, ‘साहेबांना विचारून या’ न म्हणता.

तुलना करायचीच तर एवढं मोजा: एका कामासाठी सरकारने दिलेला कागद सरकारलाच किती वेळा द्यावा लागतो. आणि तोवर एक करा. डिजिलॉकरमध्ये, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कागदपेटीत, खात्याकडून थेट आलेला दाखला 2017 च्या नियमदुरुस्तीनुसार मूळ प्रतीच्या बरोबरीचा आहे. कोणी मूळ प्रतच हवी म्हणून अडवलं, तर हा नियम सांगा आणि नकार लेखी मागा.