धाकटा काय करतो?

मुलं मोठी झाल्यावर आईबापाला लागणारी एक काळजी माझ्याकडे फार येते, फक्त तिला कुणी काळजी म्हणत नाही, "मॅडम, जरा धाकट्याला समजवा" असं म्हणतात. म्हणजे एक मूल मार्गी लागलेलं असतं, पुण्यात नायतर बेंगळुरूला, आणि दुसरं घरीच असतं आणि त्याच्याबद्दल चारचौघात काय सांगायचं हेच आईला सुचत नाही. त्यातलीच एक केस लिहितेय, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

काकू सोलापुरातल्या अशोक चौकाच्या बाजूला राहणाऱ्या. नवरा आयुष्यभर लूमवर, चादरी आणि टॉवेल, मग पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. थोरला हिंजवडीला आयटीत, पैसे वेळेवर पाठवतो, त्यात कधी चुकत नाही. धाकटा बीकॉम झालेला, संध्याकाळी एका मेडिकलच्या दुकानात बसतो आणि बाकी दिवसभर घरी. लग्नात, गड्ड्याच्या जत्रेत, कुठंही कोण भेटलं की "धाकटा काय करतो?" विचारतात आणि काकूंच्या तोंडून "बघतोय कायतरी" एवढंच निघतं. "लाज वाटती ओ मॅडम, खोटं कशाला बोलू."

मी विचारलं, दिवसभर घरी म्हणजे नेमकं काय करतो. तर तक्रारीच्याच सुरात सांगायला लागल्या की ह्यांची उजवी मूठ आवळलेली असती, ती एकेक बोट सोडवत हळूहळू उघडत बसतो, मग कोमट पाण्याच्या फडक्यानं तळवा पुसायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, नखं कापायची आणि परत रुमालाची गुंडाळी करून मुठीत द्यायची. "अर्धा अर्धा तास घालवतो ओ, तेवढ्यात एक इंटरव्ह्यू देऊन आला असता!"

हे कुणी शिकवलं त्याला? तर कुणी नाही, दवाखान्यात फिजिओची पोरगी करायची ते बघून बघून शिकला. आता ज्यांच्या घरी असा पेशंट नाही त्यांना सांगते, ती मूठ तशीच राहिली तर नखं तळव्यात रुततात, आत घाम साचून कातडी खराब होते आणि वास मारायला लागतो. जेवणाचंही तसंच, भाकरी आमटीत मऊ कुस्करून, वडलांना ताठ बसवून, घास डाव्या गालात द्यायचा आणि तो गिळलाय हे बघूनच पुढचा, कारण ठसका लागून अन्न श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनियापर्यंत जातं. हे सगळं तो करतो आणि घरात त्याचं नाव "रिकामा".

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले, वय फक्त ३२. आपण छाती फुगवून सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण माणूस आपल्याच घरातल्या पलंगाशी बसला की आपण त्याला विचारतो, पुढचं काय ठरवलंस.

पुढच्या वेळी धाकट्याला एकट्याला बोलावलं. मला वाटलं होतं कामाचा वैताग सांगेल, तर तो म्हणाला कामाचं काय नाही मॅडम, ते "बघतोय कायतरी" मी आतल्या खोलीतनं ऐकतो. काळजी घेणाऱ्यावर किती भार पडतो हे बघायला झरिट नावाची २२ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, ती त्याच्याकडनं भरून घेतली. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, ह्या प्रश्नावर पोरगं बराच वेळ पेन धरून बसलं आणि मग म्हणालं, असं लिहिलं तर पप्पांवर अन्याय होईल का.

काकूंना हे सांगितलं (त्याला विचारूनच) तर त्या रडल्या आणि दुसऱ्या टोकाला गेल्या, माझा श्रावणबाळ म्हणे. मी म्हटलं तेही नको. श्रावणबाळ म्हटलं की पोराला "आज माझ्यानं होत नाही" म्हणायची सोय राहत नाही, ती शाबासकी नसते, कावडच असते खांद्यावर. मोघम कौतुक सोडा आणि जे डोळ्यासमोर केलं तेवढंच बोला, त्याच्या तोंडावर बोला, "आज मूठ छान उघडली रे" एवढं पुरे. थोरल्याचं कौतुक तुम्ही अख्ख्या गल्लीला सांगता, ते थोरल्याला तरी कधी सांगितलंय का? तर नाही, "त्याला कशाला सांगायचं, डोक्यात जातंय."

मग थोरल्याशी फोनवर बोलले. ठरलं असं की महिन्यातनं एक शनिवार-रविवार तो हुतात्मा एक्सप्रेसनं येणार, पाहुणा म्हणून नाही तर ड्युटीवर, आणि त्या दोन दिवसांत धाकट्यानं घरी थांबायचं नाही. पहिल्याच रात्री दर दोन तासांनी वडलांना कुशीवर वळवायचा अलार्म लावून साहेब सकाळी लाल डोळ्यांनी बसलेले, काकूंनीच सांगितलं. पण त्यानं एक फार छान केलं हं. झटक्यानंतर ज्यांना साधा शब्द जुळवता येत नाही त्यांनाही पाठ असलेलं, म्हणजे आकडे, वार, आरती, कधीकधी सुरात म्हणता येतं, हे मी बोलता बोलता म्हटलं होतं, तर तो आता रात्री व्हिडिओ कॉल लावून वडलांबरोबर "सुखकर्ता दुखहर्ता" म्हणतो. वडील पहिल्या कडव्यापर्यंत जातात, पाणी मागायला अजून शब्द सापडत नाही.

धाकट्याच्या नोकरीचा प्रश्न सुटलेला नाही, त्याला अकाउंट्समध्येच काम पाहिजे, आणि सेवा चांगली करतो म्हणून त्यानं तोच धंदा करावा असं माझं मुळीच मत नाही. घरी पेशंट असेल आणि बोलायला कुणीच नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तो त्यालाही दिलाय.

परवा काकू आल्या त्या रागातच. लग्नात कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला आणि काकूंनी पहिल्यांदा सरळ सांगितलं की संध्याकाळी दुकानात असतो आणि वडलांचं सगळं तोच बघतो, तर ती बाई म्हणाली, अय्या मग आमच्या सासूबाईंकडं पण येईल का, देऊ की महिन्याला कायतरी. "तो काय आया हाय का ओ मॅडम?" काकू विचारत होत्या. मी म्हटलं आया असता तर वाईट काय होतं, आणि तिथनं पुढं तासभर आमचं तेच चाललं.