भाजीच्या टोपलीवर उभा केलेला पंधरा वर्षांचा हप्ता

प्रश्न : घरात चौघे, कमावता मी एकटा. शेतावरून थेट येणाऱ्या हंगामी भाजीच्या टोपलीचे दोन महिन्यांपूर्वी सभासद झालो. पुढच्या हंगामाचे पैसे आगाऊ भरायचे आहेत, तर पूर्ण टोपली घ्यावी की अर्धी? सध्या तिसरा हिस्सा भाजी वाया जाते. बाहेरचे जेवण बंद होऊन वाचणाऱ्या पैशांवर एक बचत-विमा पॉलिसीही घेतली आहे. हप्ता दरमहा, 15 वर्षे; 20 वर्षांनी भरलेल्याच्या 1.6 पट परत. विमा वार्षिक हप्त्याच्या 10 पट. तूर्त हप्ता क्रेडिट कार्डावर जातो.

उत्तर : अर्धी घ्या. आता त्या पॉलिसीकडे वळू, कारण खरा धोका तिथे आहे.

तुम्ही पाठवलेला हिशेब महिन्याचे उत्पन्न 100 धरून मांडतो. आधी बाहेरचे जेवण 12 आणि बाजारातली भाजी 4, म्हणजे 16. आता टोपली 6, वरची भाजी 1, बाहेरचे जेवण 9. पुन्हा 16. वाचले काहीच नाही, आणि हप्ता मात्र 10 चा!

पैसे आधी वाचतात, मग गुंतवतात. तुम्ही आशेवर सही केलीत आणि विकणाऱ्याने ती करू दिली, याचा मला राग येतो. 1.6 पट ऐकायला भरघोस वाटते, पण तुमचा प्रत्येक हप्ता सरासरी साडेबारा वर्षे अडकतो. वर्षाला पडतात जेमतेम पावणेचार टक्के. कार्डाची थकबाकी महिना 3 टक्क्यांनी चढते, म्हणजे वर्षाला 42 च्या पुढे. पावणेचारसाठी बेचाळीस मोजताय.

विमा म्हणून पाहिले तर अधिकच वाईट. हप्ता उत्पन्नाचा दहावा भाग, संरक्षण त्याच्या 10 पट. तुमच्या माघारी तिघांना फक्त एका वर्षाचा पगार! निदान 10 ते 15 वर्षांच्या उत्पन्नाएवढा शुद्ध टर्म विमा (बचत नाही, फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना पैसे) आधी घ्या. तो हातात आला की ही पॉलिसी थांबवा. परत करण्याची मुदत संपली असेल तर भरलेले दोन हप्ते बुडतील. बुडू द्या. अजून 178 हप्ते बाकी आहेत. मग कार्ड फेडा आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला साठवा.

आता टोपली. पत्रात तुम्ही तिलाही ‘गुंतवणूक’ म्हटले आहे. तसे नाही. आगाऊ पैशांनी शेतकऱ्याला हंगामासाठी भांडवल मिळते आणि पीक बुडाले तर तोट्यात तुमचाही वाटा असतो. मला ही पद्धत मनापासून आवडते, पण ती घरखर्चातच धरायची.

तुमची भाजी वाया जाते ती रात्री आठ वाजता, जेव्हा दमलेल्या माणसासमोर न निवडलेली, मातीने भरलेली जुडी असते. त्या क्षणी बाहेरून जेवण मागवले जाते. म्हणून टोपली येईल त्याच दिवशी तासभर द्या. मुळा, बीट, गाजराचा पाला लगेच कापून वेगळा करा, नाहीतर तो कंदातले पाणी ओढतो आणि कंद मऊ पडतात. पालेभाजी निवडून कोरड्या कापडात गुंडाळा आणि पहिल्या दोन रात्रींत संपवा. ढीगभर पाला शिजून वाटीभर होतो, त्यामुळे घाबरू नका. मग शेंगा, फुलकोबी. कंद आणि भोपळा आठवड्याच्या शेवटी. दमलेल्या रात्री पदार्थ एकच असावा: जे उरले ते एका भांड्यात, भरपूर पाणी घालून सूप, किंवा मोठ्या आचेवर लसूण घालून परतलेले. वीस मिनिटांत होते. कांदा आणि बटाटा शेजारी ठेवू नका.

अर्ध्या टोपलीचे 3, वरची भाजी 2, बाहेरचे जेवण 8 वर आले तर महिन्याला 3 वाचतील. तीन महिने ते खरोखर खात्यात दिसू द्या, मग मला पुन्हा लिहा. तोवर कुठेही नवी सही करू नका.