पोहण्याचे 36 हजार आणि विम्याचा लाख

प्रश्न : आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी अडीच. माझ्या माहेरी निफाडला द्राक्षबाग आहे, तिला लागून शेततळं. सुट्टीत मुलं तिथेच असतात, माझा जीव टांगणीला. इथे एक कोच लहान मुलांना पाण्यात पडल्यावर पाठीवर उलटून तरंगायला शिकवतात. आठवड्याला पाच दिवस, दहा-दहा मिनिटं, सहा आठवडे. दोघांचे 36 हजार. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, हातात 68 हजार येतात, मी घरी असते. घराचं कर्ज 32 लाख. मुलांच्या नावे दोन चाइल्ड पॉलिसी आहेत, वर्षाला एक लाख, तिसरा हप्ता जूनमध्ये. मिस्टरांना कंपनीचा विमा आहे. एफडी मोडून कोर्स लावावा का?

उत्तर : ताई, कोर्सचं नंतर बघू. तुम्ही पाठवलेले कागद आधी बोलू द्या.

‘कंपनीचा विमा’ म्हणजे दवाखान्याचा मेडिक्लेम आणि पीएफसोबत येणारं संरक्षण. हे दुसरं जास्तीत जास्त सात लाख. कर्ज 32 लाख. उद्या मिस्टरांचं बरंवाईट झालं तर 25 लाखांचं कर्ज उरतं आणि घरात येणारा पैसा शून्य. आणि लाखभराचा हप्ता भरून विमा कोणाचा उतरवला, तर मुलांचा. मुलं कमावतात का? वडील गेल्यास पुढचे हप्ते माफ होण्याचा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा कलम, असतो, तोही तुमच्या कागदांत नाही. म्हणजे त्या जूनमध्ये लाख रुपये तुम्हीच शोधायचे.

पॉलिसी विकणारे मिस्टरांचे मामेभाऊ, असं तुम्ही सोबत लिहिलंय. नातं सांभाळा, पॉलिसी नको. 15 वर्षं लाख-लाख भरून विसाव्या वर्षी दोन्हींचे मिळून 26 लाख, म्हणजे परतावा जेमतेम सव्वाचार टक्के. महागाई सहा टक्के धरली तर ते आजचे साधारण नऊ लाख. त्यात डॉक्टर करायचं स्वप्न मामेभावांनी दाखवलं, हे विशेष.

“पण दोन लाख भरून बसलोय” असं तुम्ही म्हणाल. समजा, ते दोन्ही लाख बुडाले. उरलेली 13 वर्षं लाखातले 15 हजार मिस्टरांच्या टर्म इन्शुरन्सला (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा विमा) द्या आणि 85 हजार पीपीएफमध्ये टाका. सध्याचा 7.1 टक्के दर टिकला तर पॉलिसी संपायच्या त्याच वर्षी 26 लाखच होतात. वर मिस्टरांवर एक कोटीचं छत्र. पस्तिशीच्या निर्व्यसनी माणसाला साठीपर्यंतचं एक कोटीचं कव्हर साधारण तेवढ्यात बसतं. कर्ज फिटतं आणि उरलेल्यात घर पंधराएक वर्षं चालतं. शिवाय दोन लाख पूर्ण बुडणारही नाहीत. सरेंडर केली (आत्ताच बंद करून पैसे घेतले) तर किती आणि पेड-अप ठेवली (पुढचे हप्ते न भरता तशीच चालू ठेवली) तर किती, हे कंपनीकडून लेखी मागवा. मामेभावांकडून तोंडी नको.

मात्र टर्म पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीला हात लावू नका. अर्जात तंबाखू, बीपी काही लपवू नका. पॉलिसी 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या, म्हणजे बँक किंवा इतर देणेकरी त्या पैशावर हात टाकू शकत नाहीत. ही खूण अर्ज भरतानाच करावी लागते, नंतर जमत नाही. एजंट बहुधा सांगत नाहीत.

आता पोहणं. मुलाला शिकवाच, पण त्यासाठी 18 हजार कशाला? सहा वर्षांच्या मुलाला महापालिकेच्या तलावावरचा उन्हाळी वर्ग पुरे, त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर चौकशी करा. जागतिक आरोग्य संघटनाही सहा वर्षांपुढच्या मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा म्हणते. त्याहून लहानांसाठी तिचा भर पाण्याला अडसर घालण्यावर आणि मोठ्यांच्या नजरेवर आहे.

अडीच वर्षांची मुलगी ते उलटणं शिकेलही. वर्षाच्या पुढच्या मुलांना पोहण्याचे वर्ग उपयोगी पडतात, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही मानतात. पण शिकलेलं पोर बुडतच नाही असं तेही म्हणत नाहीत. सराव तुटला की अंगातलं जातं, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा फी. आणि तुमची भीती ज्या शेततळ्याची, त्याचं गणितच वेगळं. तलावाला काठ असतो, धरायला दांडी असते. शेततळ्याला उतरता प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पोहणारा गडीसुद्धा त्यावर घसरतो. मुलगी पाठीवर तरंगली तरी बाहेर कशी येणार? कुणी पाहिलं तरच.

म्हणून पहिला खर्च कुंपणाचा. 30 बाय 30 मीटरच्या तळ्याला साधारण चारशे फूट जाळी लागते, फाटक मुलांचा हात पोचणार नाही अशा कडीचं. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडा, हवा भरलेल्या दोन ट्यूब तरंगत ठेवा. दोर-ट्यूबचा खर्च किरकोळ आहे. जाळीचा दर वडिलांनी निफाडलाच काढावा, निम्मे तुम्ही द्या.

एफडी मोडू नका. टर्मचा अर्ज या आठवड्यात भरा, वैद्यकीय तपासणीला वेळ जातो आणि जून दूर नाही. मुलीचा कोर्स जाळी लागल्यावर लावा, तेव्हा परवडला तर. आणि कोच “आता निर्धास्त राहा” असं म्हणाले, तर त्यांच्याकडे पाठवूच नका.