इमॅजिका-वंडरलासाठी टाइमशेअर घ्यावं का? आमचा अनुभव सांगतो

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि आमचं 2012 साल आठवलं. कोल्हापुरात ताराबाई पार्क भागातल्या एका हॉटेलात जोडीनं जेवणाचं आमंत्रण, दोन रात्री मोफत मुक्कामाचं कुपन, आणि शेवटी "आज सही केली तरच हा दर". तुमच्याबाबतीतही अगदी तसंच झालेलं दिसतंय. मुलं नऊ आणि सहा वर्षांची, सोबत सासूबाई, आधी खोपोलीजवळचं इमॅजिका, मग बेंगळुरूचं वंडरला ही थीम पार्कं, आणि पुढे दिरांकडे अमेरिकेला जाणं झालं तर फ्लोरिडातलं, डिस्नेच्या पार्कांचं ऑरलँडो. एवढ्यासाठी टाइमशेअर, म्हणजे पैसे भरून कंपनीच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक रात्री राहण्याचा हक्क, तोही 25 वर्षांची, वर्षाला सात रात्रींची मेंबरशिप, घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

थीम पार्क हेच मुख्य कारण असेल तर घेऊ नका. का ते सविस्तर सांगतो, कारण तिथे टेबलावर बसल्यावर हे कुणी सांगत नाही.

सगळ्यात आधी सीझन बघा, म्हणजे तुमच्या मेंबरशिपवर वर्षातल्या कोणत्या काळात राहता येतं ते. रिसॉर्टचे फोटो नंतर. आपल्या मुलांना मोठी सुट्टी मिळते ती मे महिन्यात आणि दिवाळीत, आणि नेमके हेच दिवस सगळ्यात महागड्या सीझनमध्ये येतात. आम्ही मधला सीझन घेतला, कारण तो बराच स्वस्त होता आणि "जागा रिकामी असली की मे महिन्यातही मिळेल" असं तोंडी सांगितलं होतं. लोणावळ्याच्या बाजूला मे महिन्यात जागा रिकामी राहते होय? सलग तीन वर्षं मागितली, तीनदा नकार आला. शेवटी जुलैत शाळा बुडवून गेलो. पाऊस जोरात आला की उघड्यावरच्या राइड थांबवतात. माझी मुलगी रोलर कोस्टरच्या रांगेत तासभर भिजत उभी राहिली आणि न बसताच परत आली. तिचा त्या दिवशीचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून सांगतो, तोंडी शब्दावर जाऊ नका. मे महिना आणि दिवाळीचा आठवडा तुमच्या सीझनमध्ये येतो हे करारात लिहिलेलं असलं पाहिजे. शिवाय आदल्या वर्षी त्या आठवड्यांचं बुकिंग किती महिने आधी भरलं होतं, तेही विचारा.

आता अंतराचं बघू. कोल्हापूरहून इमॅजिका म्हणजे पुण्यापर्यंत सुमारे 230 किलोमीटर आणि तिथून एक्स्प्रेसवेनं खोपोलीकडे आणखी पाऊणशे-ऐंशी. थीम पार्क 2013 मध्ये सुरू झालं, वॉटर पार्क पुढच्या वर्षी. दोन्ही करायची तर दोन दिवस लागतात, म्हणजे मुक्काम दोन, फार तर तीन रात्रींचा. पार्कच्या दारातच हॉटेल आहे. लोणावळ्यात राहिलात तर रोज सकाळी घाट उतरायचा आणि रात्री दमलेल्या मुलांना घेऊन परत चढायचा. शनिवार-रविवारी त्या घाटात गाड्यांच्या काय रांगा लागतात ते तुम्हाला माहीत आहे. बेंगळुरूचं वंडरला 2005 पासून म्हैसूर रस्त्यावर बिडदीला आहे. आपल्याकडून सहाशे किलोमीटरच्या वर पडतं, आणि तिथेही पार्कचं स्वतःचं रिसॉर्ट आहे. टाइमशेअरवाले "कुर्गचं रिसॉर्ट आहे की जवळच" म्हणतील. कुर्गमधल्या मडिकेरीहून बिडदी दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे हो! सासूबाईंना घेऊन ते एका दिवसात होणार नाही.

पैशांचा हिशेब कागदावर मांडा. समजा मेंबरशिप चार लाखांची. 25 वर्षांत वाटली तर वर्षाला 16,000. वार्षिक देखभाल शुल्क समजा 20,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 23,600. दोन्ही मिळून 39,600. सातही रात्री वापरल्या तर एक रात्र साधारण 5,650 रुपयांना पडली. पार्कसाठी चारच रात्री वापरल्या तर 9,900. यात जेवण नाही, पार्कची तिकिटं नाहीत, हप्त्यानं घेतलंत तर त्याचं व्याजही नाही. आणि देखभाल शुल्क दरवर्षी वाढू शकतं. त्याला वरची मर्यादा आहे का, ते करारात शोधा. आम्ही हे शोधलंच नव्हतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. मुलांचं थीम पार्कचं वय किती असतं? धाकट्याची उंची अजून मोठ्या राइडसाठी पुरायची नाही, म्हणजे दोघं मिळून एकत्र मजा करतील ती पुढची सात-आठ वर्षं. नंतर दहावी, बारावी, क्लास. आमची मुलगी आता इंजिनीअरिंगला आहे आणि आमचा करार 2037 पर्यंत आहे. आम्ही तो अजूनही वापरतो, आईवडिलांना घेऊन समुद्रकिनारी शांत चार दिवस राहतो, खोलीत छोटं स्वयंपाकघर असतं म्हणून आईला तिच्या पथ्याचं करून घालता येतं. त्या बाबतीत मी समाधानी आहे. तुम्हाला अशा सुट्ट्या दरवर्षी हव्या असतील तर मेंबरशिपचा विचार जरूर करा, पण मग निवड पार्क बघून करू नका.

पार्कसाठी सोपा मार्ग म्हणजे ओळखीतल्या मेंबरकडून त्याच्या रात्री घ्या. न वापरलेल्या रात्री पुष्कळांकडे पडून असतात. फक्त पाहुण्याच्या नावे बुकिंग चालतं का आणि त्याचं शुल्क किती, हे मेंबरला कंपनीकडून लेखी मागवायला सांगा.

ऑरलँडोचं गणित वेगळं. तिथे टाइमशेअर रिसॉर्ट खरोखर पार्कांच्या आसपास आहेत, दोन बेडरूम, पूर्ण स्वयंपाकघर, कपडे धुण्याचं मशीन. सहा-सात जणांच्या कुटुंबाला हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा ते बरं. इथली मेंबरशिप आरसीआयसारख्या एक्स्चेंजमधून, म्हणजे मेंबरांच्या रात्रींची अदलाबदल करून देणाऱ्या कंपनीमार्फत, तिकडे वापरता येते म्हणतात ते खरं, पण एक्स्चेंजची फी वेगळी असते आणि हवा तोच आठवडा मिळेल याची खात्री नसते. दिरांनी तिथूनच एखाद्या मालकाचा आठवडा भाड्यानं घेतला तर सोपं जाईल. डिस्नेची चार पार्कं एका बाजूला, युनिव्हर्सल दुसऱ्या बाजूला, तेव्हा आधी कुठली पार्कं करायची ते ठरवा, मग रिसॉर्ट. जायचं तर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा. आपल्या शाळांना सुट्टी लागलेली असते, तिकडच्या बहुतेक शाळा अजून सुरू असतात, आणि चक्रीवादळांचा हंगाम 1 जूनपासून धरतात. तिथे "मोफत नाश्ता आणि स्वस्त तिकिटं" म्हणून बोलावून दोन तास विक्री करतात, त्याला बसू नका. चुकून सही झालीच तर फ्लोरिडाच्या कायद्यानं दहा दिवसांत रद्द करता येतं.

आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा खास कायदा नाही. रद्द करण्याची मुदत करारात असेल तेवढीच, म्हणून ते कलम सहीच्या आधी वाचा. तुम्ही पावतीचा उल्लेख केलाय. पैसे भरले असतील तर आजच तारीख बघा आणि रद्द करायचं असल्यास ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही करा. कंपनीनं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, म्हणजे कोल्हापुरातच. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही.

करारातलं सीझनचं पान आणि रद्द करण्याचं कलम, दोन्हींचे फोटो नाव-नंबर झाकून इथे टाका. मी आज रात्रीच वाचतो.