नव्या व्हीलॅन २० मधल्या दोन पीसींना आयपी मिळत नाही, १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता येतो. ते एकमेकांना पिंग होतात, जुने पीसी सगळे चालू आहेत. सिस्कोचा मॅनेज्ड स्विच रीसेट करू का?

रीसेट करू नका, स्विच बिघडलेला नाही. तुम्हीच लिहिलंय की व्हीलॅन २० (स्विचवर वेगळं काढलेलं आभासी नेटवर्क) मधले दोन्ही पीसी एकमेकांना पिंग होतात, पण पत्ता १६९.२५४ने सुरू होणारा येतो. डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून, उत्तर आलं नाही की विंडोज असा पत्ता स्वतःच घेतं. म्हणजे केबल आणि पोर्ट ठीक आहेत. गाडी अडलीय ती बहुधा मुख्य म्हणजे कोअर स्विचकडे जाणाऱ्या ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅनची वाहतूक एकत्र नेणाऱ्या जोडणीवर.

दोन्ही स्विचवर 'शो इंटरफेसेस ट्रंक' चालवा. दोन्ही म्हणतोय, कारण बहुतेक जण एकच बाजू बघतात. त्यात व्हीलॅनच्या तीन याद्या दिसतील: परवानगी असलेले, त्यातले ॲक्टिव्ह, आणि प्रत्यक्ष फॉरवर्ड होणारे. २० पहिल्या यादीत आहे पण दुसरीत नाही, तर त्या स्विचवर तो व्हीलॅन तयारच केलेला नाही. पहिल्याच यादीत नसेल तर 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड २०' द्या.

त्यातला 'ॲड' विसरू नका, हे कळकळीने सांगतोय. तो शब्द गाळला तर जुनी यादी पुसली जाते आणि एकटा २० उरतो. चाकणच्या एका कारखान्याचा स्विच मी रात्री घरून बघत होतो, तेव्हा माझ्याकडून नेमकं हेच झालं. मॅनेजमेंट व्हीलॅनही (ज्यातून स्विचमध्ये लॉगिन करतात तो) त्याच ट्रंकवर होता, त्यामुळे माझं सेशन तिथेच गोठलं. गेटवरच्या वजनकाट्याचा पीसी बंद पडला, माल भरलेले ट्रक रांगेत उभे राहिले. स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल घेऊन पोचेपर्यंत दीड तास गेला. त्या ड्रायव्हरांचे चेहरे अजून आठवतात.

तेव्हापासून लांबून ट्रंकला हात लावण्याआधी मी 'रीलोड इन १०' देतो, आणि सेव्ह करायचं का विचारलं की 'नो' म्हणतो. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच रीबूट होऊन जुन्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं नीट चाललं तर 'रीलोड कॅन्सल', आणि मगच 'राइट मेमरी' देऊन बदल सेव्ह करतो. रीबूटमध्ये त्या स्विचवरचे सगळेच काही मिनिटं बंद पडतात, म्हणून हे काम जेवणाच्या सुट्टीत करा.

तिन्ही याद्यांत २० दिसूनही पत्ता येत नसेल, तर डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये आहे का बघा. असेल तर कोअरवर व्हीलॅन २०च्या इंटरफेसला 'आयपी हेल्पर-ॲड्रेस' लागेल, म्हणजे पीसींची मागणी त्या सर्व्हरपर्यंत पोचेल, आणि सर्व्हरवर त्या रेंजचा स्कोपही, म्हणजे वाटायच्या पत्त्यांचा संच.