गेलेली भीती परत आली, म्हणजे मेहनत वाया गेली का?

“मॅडम, सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालंय. इतके महिने केलं ते फुकटच गेलं ना?” भीतीवर काम करून बऱ्या झालेल्या माणसांकडून हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. विचारताना बहुतेकांच्या आवाजात भीतीपेक्षा शरमच जास्त असते. फुकट काहीही गेलेलं नसतं. का, ते वैशालीच्या निमित्ताने सांगते. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वैशाली चाळिशीची, बँकेत नोकरीला, तेव्हा कोल्हापुरात. शिरोली नाक्याजवळ मागून आलेल्या ट्रकने करकचून ब्रेक मारला, तिची स्कूटर घसरली आणि खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं. पण ट्रक किंवा बस थांबताना एअर ब्रेकचा जो ‘फुस्स’ आवाज येतो, तो कानावर पडला की हात गार, छातीत धडधड आणि आता आपण पडणारच ही खात्री. तिने गाडी सोडून दिली. मग तिथल्या समुपदेशकाच्या मदतीने हळूहळू सराव केला. आधी बंद गाडीवर नुसतं बसायचं, मग गल्लीत एक फेरी, मग रंकाळ्याच्या बाजूचा रस्ता. काही महिन्यांनी ती बँकेतही गाडीने जाऊ लागली.

पुढे बदली झाली पुण्याला. कर्वे रस्त्यावर सिग्नलला शेजारी बस येऊन थांबली, तो आवाज झाला, आणि वैशाली गाडी कडेला लावून रडत बसली. सासूबाई काळजीपोटी म्हणाल्या, “बसने जात जा, हवीच कशाला गाडी?” ती खरंच रिक्षाने जायला लागली.

मग ती माझ्याकडे आली. मी तिला पहिल्यांदा विचारलं, “कोल्हापुरात सराव करताना मागे कोण बसायचं?”

“हेच असायचे. नेहमी.”

वेळ? सकाळची, रहदारी कमी असताना. रस्ता? ठरलेला. पर्समध्ये? पाण्याची बाटली आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी, कधी न घेतलेली, पण कायम जवळ असलेली.

मेंदूचं शास्त्र इथे फार कामाला येतं, म्हणून मी ते माझ्याकडे येणाऱ्यांना सविस्तर सांगते. आवाज आणि इजा एकत्र आले की त्यांची गाठ बांधण्यात अमिग्डला या भागाचा मोठा वाटा असतो. बदामाएवढा हा भाग कानशिलाच्या आत खोलवर असतो. न्यूयॉर्कचे मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांना एक सूर ऐकवून सौम्य शॉक देत, कानातून आलेला आवाज अमिग्डलापर्यंत कोणत्या वाटांनी पोचतो ते शोधून काढलं. पुढे तोच सूर शॉकशिवाय पुन्हा पुन्हा ऐकवला की उंदीर घाबरायचा थांबतो. पण म्हणून भीती पाटीवरच्या अक्षरासारखी पुसली जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनाही हे दिसलं होतं: खाण्याआधी नेहमी दिली जाणारी खूण खाणं न देता नुसतीच देत राहिलं की कुत्र्याची लाळ थांबते, आणि काही काळ विश्रांती देऊन तीच खूण दिली की लाळ परत येते.

व्हरमाँट विद्यापीठातले मार्क बाउटन यांचे प्रयोग मला वैशालीसाठी सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. एका पेटीत उंदराला सुराची भीती बसवली आणि दुसऱ्या पेटीत ती घालवली. परत पहिल्या पेटीत नेल्यावर भीती हजर. पूर्ण नव्या, तिसऱ्या पेटीतही ती परत येऊ शकते, असं अशा प्रयोगांत दिसलं. म्हणजे ‘धोका आहे’ ही जुनी शिकवण तशीच राहते आणि तिच्या शेजारी ‘इथे धोका नाही’ ही नवी शिकवण तयार होते. त्यातला ‘इथे’ मेंदू फार काटेकोरपणे धरून ठेवतो. जागेचं भान राखणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, त्यात सहभागी असतो. प्वेर्तो रिकोमधल्या मिलाद आणि क्वर्क यांनी 2002 मध्ये दाखवलं की कपाळामागच्या भागातल्या काही पेशी दुसऱ्या दिवशी ही नवी शिकवण आठवताना जागृत होतात. ज्या उंदरांत त्या जास्त जागृत, ते कमी घाबरतात.

वैशालीसाठी शिरोली नाका ही पहिली पेटी, रंकाळा दुसरी आणि पुणे तिसरी. तिचा मेंदू शिकला होता ते एवढंच, की त्या रस्त्यावर, सकाळी, नवरा मागे असताना, फुस्स झालं तरी काही होत नाही. ते शिकणं खरं होतं, पक्कंही होतं. फक्त त्याची हद्द छोटी होती.

त्यात बदलीचा ताण. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाने उंदरांना 10 दिवस रोज 2 तास जखडून ठेवलं, तेव्हा अमिग्डलातल्या पेशींच्या फांद्या वाढल्या आणि हिप्पोकॅम्पसमधल्या आखडल्या. 21 दिवस आराम देऊनही अमिग्डलातली वाढ उतरली नव्हती. उंदरांवरून माणसाचं सगळं सांगता येत नाही, हे मी प्रत्येक वेळी बजावते. पण नवं घर, मुलांच्या शाळा, अपुरी झोप अशा दिवसांत जुनी भीती डोकं वर काढते, हे मी समुपदेशनाच्या खोलीत वारंवार पाहते.

मग आम्ही सराव मुद्दाम विस्कळीत केला. सुरुवात बसथांब्यावर उभं राहून, मोबाइल न काढता, नुसते ब्रेक ऐकण्यापासून. वहीत आधी लिहायचं, काय होईल असं वाटतं: “हात गळतील, गाडी सुटेल, मी बसखाली जाईन.” आल्यावर लिहायचं, काय झालं: “हात थरथरले. गाडी सुटली नाही.” ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचणं मला दीर्घ श्वासाच्या व्यायामापेक्षा मोलाचं वाटतं, कारण अपेक्षा आणि अनुभव यांच्यातल्या फरकातून मेंदू शिकतो. मग कधी पौड रस्ता, कधी सिंहगड रस्ता. कधी सकाळी, कधी संध्याकाळी. नवरा आधी दुसऱ्या गाडीवर मागून यायचा, नंतर घरीच थांबला. गोळी डॉक्टरांना विचारूनच घरी ठेवली. औषधाचा निर्णय स्वतःचा स्वतः घेऊ नये. हेल्मेट मात्र डोक्यावरच राहिलं. ते खऱ्या धोक्यासाठी असतं.

वैशाली आता रोज गाडीने जाते. फुस्स झालं की अजूनही खांदे आखडतात, आणि ती सिग्नल सुटेपर्यंत तशीच थांबते. मध्ये आजारपणानंतर एक आठवडा भीती परत वाढली, तेव्हा तिने मला फोन न करता वही काढली.

अपघाताची दृश्यं डोळ्यांसमोर येत राहत असतील, झोप उडाली असेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर एकट्याने सराव करू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.