प्रादेशिक सेनेत जाऊन सायबरचं काम करायचंय?

तू सोलापुरात होटगी रोडच्या बँकेत सर्व्हर सांभाळतोस आणि प्रादेशिक सेनेचा, म्हणजे टेरिटोरियल आर्मीचा, फॉर्म भरायचं म्हणतोस, ऐकून मनापासून बरं वाटलं. नोकरी मात्र सोडू नकोस. १९४९ मध्ये उभी राहिलेली ही सेना पोटापाण्याचं काम सांभाळूनच करायची असते, आणि सायबरमध्ये तर तुझा रोजचा बसलेला हातच कामाला येतो. २००७ च्या सायबर हल्ल्यांनंतर एस्टोनियाने हेच केलं; खासगी नोकरीतली जाणकार माणसं स्वयंसेवक म्हणून संरक्षणाच्या कामाला जोडली.

शत्रूच्या सिस्टिममध्ये घुसायचं, एवढंच डोक्यात असेल तर ते काढून टाक. लॉग, म्हणजे यंत्रणेत कोण कधी आलं-गेलं याची आपोआप होणारी नोंद, वाचायला शिक. फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) वेळ लिहिते आणि सर्व्हर भारतीय वेळेत, असं बऱ्याचदा असतं. मग फायरवॉलवरचं कॅशियरच्या नावाचं रात्री ८:४० चं लॉगिन आपल्याकडे पहाटे २:१० चं निघतं. तुमचा कॅशियर त्या वेळी घरी झोपलेला असतो. मग आत कोण आलं? हे शोधता येणारा माणूस कुठल्याही तुकडीला हवा असतो.

पळायलाही लाग, पार्क मैदान आहेच. मेडिकल कडक असतं.

सरावासाठी कुणाच्या यंत्रणेला हात लावायचा तर लेखी परवानगी घे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ त्यासाठीच आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ओळखीच्या टॉवेलवाल्याला विचार, त्याचा बॅकअप रविवारी दुसऱ्या मशीनवर उतरवून बघ. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा उघडला नाही, तर का उघडला नाही ते लिहून मला दाखव.